मात्रा मोजणाऱ्या चौकटी

विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले, १८९६ साली मिरज सोडून बाहेर पडले आणि १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, एवढा इतिहास सांगली-मिरजेकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतो. त्यांच्या स्वरलिपीबद्दल मात्र त्यामानाने कमी बोललं जातं. एका वर्गात पुष्कळ मुलं बसवून गाणं शिकवायचं तर ते कागदावर उतरायला हवं. स्वर लिहिणं त्यातल्या त्यात सोपं. सात अक्षरं आणि कोमल-तीव्राच्या खुणा असल्या की भागतं. खरी पंचाईत वेळेची. हा गंधार किती वेळ धरायचा, पुढचा मध्यम कधी घ्यायचा, हे कागदाला कसं सांगणार?

पलुस्करांनी प्रत्येक स्वराखाली त्याची लांबी लिहिली. मात्राभर टिकणाऱ्या स्वराला एक खूण, अर्ध्या मात्रेच्या स्वराला दुसरी, पाव मात्रेच्या स्वराला तिसरी. वाचणाऱ्याने एक स्वर घ्यायचा, सांगितलेला वेळ थांबायचं, मग पुढचा घ्यायचा. त्याच काळात मुंबईत विष्णु नारायण भातखंडे वेगळ्या वाटेने गेले. त्यांच्या लिपीत आधी तालाचे रकाने पडतात: समेची फुली, खालीचं शून्य, मधले विभाग. मग स्वर आपापल्या मात्रेच्या जागी बसतात. एका मात्रेत चार स्वर असतील तर त्या चौघांखाली एक कंस काढला जातो, आणि कंसात जितके स्वर तितके मात्रेचे समान वाटे होतात. लांबी वेगळी लिहावीच लागत नाही.

म्हणजे वेळ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: अंतराने किंवा जागेने. ‘इतकं थांब, मग हे कर’ ही एक तऱ्हा. ‘या ठिकाणी आलास की हे कर’ ही दुसरी. संगणकावर ठेका, लेहरा (तबल्याच्या साथीला आवर्तनाबरोबर फिरत राहणारी सुरावट) आणि तंबोरा वाजवणारा प्रोग्रॅम लिहायला बसलं की पहिल्या तासाभरात हाच प्रश्न समोर येतो. आणि माझं मत असं, की ज्याने ताल हातावर मोजला आहे त्याला हा प्रश्न संगणकाच्या पदवीधरापेक्षा लवकर कळतो.

ज्या प्रोग्रॅमिंगबद्दल मी बोलतो आहे त्यात ओळी लिहायच्या नसतात. पडद्यावर चौकटी मांडायच्या आणि त्या वायरींनी जोडायच्या. प्रत्येक चौकट एकच काम जाणते. कुणी बेरीज करते, कुणी ठरावीक वेळाने ठोका देते, कुणी आवाज काढते. वायरींमधून मेसेज जातात: कधी एखादा आकडा, कधी एखादा शब्द, कधी नुसतंच ‘आता!’, ज्याला तिथे ‘बँग’ म्हणतात. या साऱ्या मांडणीला पॅच म्हणतात. मिलर पकेट यांनी १९८० च्या दशकात पॅरिसच्या इरकॅम या संस्थेत अशा प्रोग्रॅमची सुरुवात केली आणि त्याला ‘मॅक्स’ हे नाव दिलं, ते मॅक्स मॅथ्यूज यांच्यावरून. मॅथ्यूज यांनी १९५७ साली बेल प्रयोगशाळेत संगणकाला सूर वाजवायला लावले होते. पकेट यांनीच १९९० च्या दशकाच्या मध्यात ‘प्युअर डेटा’ हे दुसरं भावंड लिहिलं. ते फुकट आहे, त्याचा मूळ कोड खुला आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही ते चालतं. पुढची सगळी उदाहरणं प्युअर डेटाची आहेत.

त्रितालापासून सुरुवात करू. सोळा मात्रा, चार विभाग, पहिल्या मात्रेवर सम, नवव्यावर खाली. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. हे वाजवायला तीन-चार चौकटी पुरतात. पहिली ‘मेट्रो’. तिला ५०० हा आकडा दिला की ती दर ५०० मिलिसेकंदांनी, म्हणजे मिनिटाला १२० वेळा, बँग पाठवते. दुसरी आकडा लक्षात ठेवणारी चौकट. तिला दोन तोंडं असतात आणि या दोन तोंडांतला फरक समजला की प्युअर डेटा निम्मं समजलं. डाव्या तोंडात बँग आली की चौकट आपल्याजवळचा आकडा बाहेर टाकते. उजव्या तोंडात आकडा आला तर तो नुसता ठेवून घेते, बोलत काही नाही. आता बाहेर पडलेला आकडा एक मिळवून परत तिच्याच उजव्या तोंडात सोडायचा. ० बाहेर पडला की १ आत जाऊन बसतो. पुढच्या बँगला १ बाहेर पडतो आणि २ आत बसतो. झाला मोजणारा तयार. तिसरी चौकट या आकड्याला १६ ने भागून बाकी काढते. १५ नंतर पुन्हा ०. आवर्तन पुरं.

इथे एक सवय बदलावी लागते. आपली सम ‘एक’ असते, मशीनची सम ‘शून्य’. खाली आपल्याकडे नवव्या मात्रेवर, तिथे ८ वर. हातावर मोजताना आणि पॅच वाचताना हे सतत मनात उलटंसुलटं करावं लागतं.

चौथ्या चौकटीजवळ सोळा ओळींचा मजकूर असतो, एका ओळीत एक बोल. आकडा आला की ती त्या क्रमांकाची ओळ वाचून पुढे देते, आणि पुढे धा, धिं, तिं यांच्या ध्वनिमुद्रित तुकड्यांपैकी योग्य तो वाजतो. ही भातखंड्यांची तऱ्हा. वेळ एकट्या मेट्रोच्या हातात आहे आणि बोलांना फक्त आपली जागा ठाऊक आहे. सातव्या ओळीत चूक झाली तर सातवीच मात्रा चुकेल, आठवी आपल्या ठिकाणी येईल. लय बदलायची तर एकच आकडा बदलायचा. तोही बदलताना मेट्रो शहाण्यासारखी वागते: चालू मात्रा जुन्या लयीतच पुरी करते आणि त्यापुढची अंतरं नव्या आकड्याने मोजते.

एकताल घेतला की काम रंगतं. धिं धिं धागे तिरकिट तू ना कत् ता धागे तिरकिट धी ना. मात्रा बारा, पण चौथ्या आणि दहाव्या मात्रेत चार-चार अक्षरं आहेत. मेट्रो तर मात्रेला एकच ठोका देते. मग र, कि आणि ट यांची वेळ कुणी सांगायची? उत्तर भातखंड्यांच्या कंसातच आहे. ओळीत किती अक्षरं आहेत ते मोजायचं आणि मात्रेचे तेवढे समान वाटे करायचे. मात्रा १००० मिलिसेकंदांची असेल तर ‘ति’ लगेच, ‘र’ २५० नंतर, ‘कि’ ५०० नंतर, ‘ट’ ७५० नंतर. ‘धागे’ला दोनच वाटे, ० आणि ५००. चारही मेसेज मात्रेच्या ठोक्यालाच, एकाच क्षणी तयार होतात. फक्त प्रत्येकाला वेगवेगळा उशीर लावून पुढे सोडायचं.

उशीर लावणाऱ्या चौकटी दोन आहेत आणि नवखा माणूस इथे हमखास अडतो. ‘डिले’ नावाची चौकट बँग घेते आणि सांगितलेल्या वेळाने सोडते. पण ती एका वेळी एकच बँग सांभाळते. पहिली सुटायच्या आत दुसरी आली की पहिली रद्द होऊन मोजणी नव्याने सुरू होते. तिरकिटाची र, कि, ट ही तीन उशिराची अक्षरं एकाच डिलेतून पाठवली तर र आणि कि गिळले जातात आणि मात्रेच्या शेवटी एकटा ट ऐकू येतो. त्याऐवजी ‘पाइप’ ही चौकट लागते. ती आलेला प्रत्येक मेसेज त्याच्या उशिरासकट वेगळा जपते आणि आपापल्या वेळी सोडते. पाइप बरी आणि डिले वाईट असं समजू नये. डिलेचा हा विसराळूपणा इतर ठिकाणी फार उपयोगी पडतो. त्याचं एक ठिकाण तंबोऱ्यात येईल.

विलंबित एकतालात मात्रा चार सेकंदांचीही होते, म्हणजे आवर्तन ४८ सेकंदांचं. तिथे हाच पॅच तिरकिटाचं एकेक अक्षर सेकंदाच्या अंतराने टाकतो, आणि ऐकणाऱ्याला तो ठेका वाटतच नाही. तबलजी या मोकळ्या जागा हलक्या बोलांनी भरत जातो आणि त्या भरावामुळेच गवयाला मात्रा कळते. हा भराव यादीत लिहावा लागतो: मात्रेच्या ओळीत चारऐवजी आठ किंवा सोळा अक्षरं, त्यातली बरीच अगदी दबकी. वाटे पाडणारी यंत्रणा तीच राहते. लयीच्या संथपणाची चिंता मशीनला नसते, ती आपल्याला करावी लागते.

दबकं आणि जोरकस यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. सम जोरात वाजावी, खाली हलकी वाजावी, यासाठी त्रितालाच्या प्रत्येक मात्रेचा जोर दुसऱ्या सोळा आकड्यांत लिहून ठेवता येतो. मग मोजणाऱ्यातून निघालेला एकच आकडा दोन वायरींनी दोन ठिकाणी जातो: एक जोराकडे, एक बोलाकडे. आपल्याला वाटतं दोन्ही एकदमच पोहोचतील. घड्याळाच्या हिशेबाने पोहोचतातही, त्यांच्यात मिलिसेकंदाचाही फरक नसतो. पण मशीन एका वेळी एकच काम करतं. आधी एक वायर शेवटपर्यंत जाते, मग दुसरी. बोल आधी गेला तर तो मागच्या मात्रेचा जोर घेऊन वाजतो, कारण नवा जोर अजून यायचा असतो. ऐकायला मिळतं ते विचित्र असतं: बोल सगळे बरोबर, लय चोख, पण समेचा जोर दुसऱ्या मात्रेवर पडतो. पॅचकडे कितीही पाहिलं तरी चूक दिसत नाही, कारण प्युअर डेटात एकाच तोंडातून निघालेल्या वायरींपैकी जी आधी जोडली ती आधी चालते, आणि कोणती आधी जोडली हे पडद्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. मॅक्समध्ये हा क्रम चौकटींच्या जागेवर ठरतो, उजवीकडची आधी. तिथे चौकट नुसती इकडची तिकडे सरकवली तरी गाणं बदलू शकतं.

यावरचा उपाय म्हणजे ‘ट्रिगर’ ही चौकट. तिला जितकी तोंडं हवीत तितकी द्यावीत. ती आलेला मेसेज उजवीकडून डावीकडे, एकामागून एक, प्रत्येक तोंडातून सोडते. उजव्या तोंडाला जोर, डाव्याला बोल. आता क्रम पडद्यावर दिसतो आणि उद्या दुसऱ्या कुणी पॅच उघडला तरी तो मोडत नाही. एकाच क्षणात घडणाऱ्या गोष्टींनाही क्रम असतो, ही या सगळ्या विषयातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे. वेळ सांभाळण्याचं काम मेट्रोने केलं म्हणजे संपलं असं समजणारे इथेच फसतात.

आता अंतराच्या तऱ्हेकडे वळू. तिच्यावरचा पहिला आक्षेप असा, की चूक साठत जाते. मिनिटाला १८० मात्रांची लय घ्या. एक मात्रा ३३३.३३ मिलिसेकंदांची. कुणी सोयीसाठी ३३३ लिहिलं, तर सोळा मात्रांचं आवर्तन ५३३३.३३ ऐवजी ५३२८ मध्ये संपतं. पाच मिलिसेकंद काय ते? पण दुसरीकडे लेहरा पूर्ण आवर्तनाच्या हिशेबाने, ५३३३.३३ वर फिरत असेल, तर शंभर आवर्तनांनंतर दोघांत ५३३ मिलिसेकंदांचं अंतर पडतं, म्हणजे दीड मात्रेहून जास्त. अर्ध्या तासाच्या तबलावादनाला शंभर आवर्तनं काहीच नाहीत. या लयीत ती नऊ मिनिटांच्या आत होतात. म्हणून ६०००० ला लयीने भागण्याचं काम चौकटीलाच द्यावं आणि दोघांनाही तोच आकडा पुरवावा.

या बाबतीत प्युअर डेटाने एक भक्कम सोय करून ठेवली आहे. त्याचं आतलं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे चालत नाही, ते आवाजाच्या नमुन्यांवर चालतं. सेकंदाला ४४,१०० नमुने, आणि ते ६४-६४ च्या गठ्ठ्यांनी तयार होतात. एक गठ्ठा साधारण १.४५ मिलिसेकंदांचा. एखादा मेसेज पोहोचवायला संगणकाला थोडा वेळ लागला तरी पुढच्या मेसेजची वेळ त्या उशिरापासून मोजली जात नाही. मुळात ठरलेल्या वेळेपासूनच मोजली जाते. त्यामुळे डिलेमागे डिले असे हजार जोडले तरी घसरण साठत नाही. नेहमीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘इतकं थांब’ अशी आज्ञा पुन्हा पुन्हा देत गेलं की मधल्या कामांचा वेळ त्यात मिसळत राहतो. इथे तसं होत नाही. मात्र आवाज सुरू करणारे साधे मेसेज गठ्ठ्याच्या सीमेवरच लागू होतात. फार जलद रेल्यात अक्षरं ६० मिलिसेकंदांवर येतात, तिथे दीड मिलिसेकंदाचा फरक तयार कानाला किंचित खरखरीत वाटू शकतो. त्यासाठी नमुन्याच्याही आत वेळ धरणारी ‘व्हीलाइन’ नावाची वेगळी चौकट आहे.

इतकं सांभाळलं की अंतराची तऱ्हा मोठी कामाची आहे, आणि तिचं खरं घर म्हणजे तिहाई, एकच तुकडा तीनदा. तिहाई दर आवर्तनाला येत नाही. ती एकदाच येते, मधूनच सुरू होते, आणि संपते मात्र बरोबर समेवर. तिला सोळा रकान्यांत बसवणं जिवावर येतं. प्युअर डेटात ‘क्यूलिस्ट’ ही चौकट यासाठी आहे. तिच्यात ओळींची यादी असते. ओळीच्या सुरुवातीचा आकडा म्हणजे थांबायचा वेळ, पुढचा शब्द म्हणजे कुणाला, आणि त्यापुढचा म्हणजे काय. ‘२५० तबला धा’ याचा अर्थ: पाव सेकंद थांब आणि ‘तबला’ या नावाने ऐकत असलेल्या चौकटीला ‘धा’ पाठव. बँग दिली की यादी पहिल्या ओळीपासून आपली आपण चालू लागते. ही पलुस्करांची तऱ्हा. प्रत्येक बोलाजवळ त्याचं अंतर लिहिलेलं.

नेहमीचा तुकडा घेऊ: तिटकत गदिगन धा. तिटकत एका मात्रेत, गदिगन एका मात्रेत, मग धा. यादीत मात्रा १००० ची धरू म्हणजे हिशेब डोळ्यांना वाचता येतो. पहिला ‘ति’ लगेच, मग ट, क, त, ग, दि, ग, न आणि धा यांच्या आधी प्रत्येकी २५०. धा २००० वर पडला. तो मात्राभर टिकला की दुसऱ्या फेरीचा ‘ति’, म्हणून १००० थांबायचं. असं तीनदा. एकूण सत्तावीस अक्षरं, त्यांच्यामध्ये सव्वीस अंतरं. चोवीस अंतरं २५० ची, दोन १००० ची. बेरीज ८०००. म्हणजे आठ मात्रा. शेवटचा धा समेवर हवा तर यादीला बँग समेच्या आठ मात्रा आधी, नेमकी खालीला द्यायची. मोजणाऱ्यातून ८ हा आकडा निघाला की यादी सुरू. ही बेदम तिहाई. दमदार हवी असेल तर मधल्या दोन्ही ठिकाणी आणखी एकेक मात्रा थांबा वाढवायचा. बेरीज १०००० होते आणि सुरुवात सातव्या मात्रेवर, मशीनच्या ६ वर सरकते. तबलजी हे सारं समेपासून उलटं मोजून काढतो. यादीही तशीच तपासावी, शेवटून वर.

लय कोणतीही असली तरी यादी पुन्हा लिहावी लागत नाही. क्यूलिस्टला ‘टेम्पो’ असा मेसेज पाठवता येतो. मात्रा प्रत्यक्षात ५०० ची असेल तर टेम्पो २, म्हणजे यादी दुप्पट वेगाने चालेल. १००० ला मात्रेने भागायचं की झालं. पण हा आकडा यादी सुरू व्हायच्या आधी पोहोचायला हवा, पुन्हा ट्रिगर.

तिहाई आणि ठेका एकत्र आले की गंमत होते. तिहाई चालू असताना ठेका गप्प बसायला हवा, म्हणून त्याच्या वाटेवर ‘स्पिगॉट’ ही झडप ठेवायची आणि खालीला ती बंद करायची. आता सम. तिहाईचा शेवटचा धा आणि ठेक्याचा पहिला धा एकाच क्षणावर येतात. झडप त्या क्षणीच उघडली तर काय होईल? मेट्रोचा ठोका आधी पोहोचला तर झडप बंद सापडते आणि फक्त यादीतला धा वाजतो. यादी आधी पोहोचली तर झडप उघडी सापडते आणि दोन धा एकावर एक आदळतात. कधी हे, कधी ते, असं झालं तर पॅचवर विश्वास कसा ठेवायचा? मला सापडलेला चांगला उपाय असा: तिहाईच्या यादीतून शेवटचा धा काढूनच टाकायचा. तिसऱ्या फेरीच्या ‘न’ नंतर १२५ थांबून झडप उघडायची, सम यायच्या अर्ध्या अक्षराइतकी आधी. समेचा धा ठेक्याला आपल्या जागेवर वाजवू द्यायचा. तिथपर्यंत अंतराने जायचं आणि उतरायचं जागेवर.

तंबोऱ्याला यातली कोणतीच तऱ्हा जशीच्या तशी चालत नाही, आणि सांगली जिल्ह्यात बसून हे लिहिताना तंबोऱ्याला चार ओळींत उरकणं शक्य नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंतुवाद्यं घडवली जातात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांपासून ही परंपरा सुरू झाली. भोपळा, तूनचं लाकूड, घोडीवर बसलेल्या तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा आणि त्यातून उघडणारी जवारी यांचं ज्ञान तिथल्या सतारमेकर घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोरा जुळवण्यात विलक्षण कान असलेले अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले आणि १९३७ साली वारल्यावर मिरजेच्या मातीत विसावले. सुरांचं शास्त्रीय मोजमापही याच भागातलं: कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरचं आपलं इंग्रजी पुस्तक १९१० साली काढलं, आणि त्या कामात खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार होता.

देवलांनी मोजला तो सूर. तंबोऱ्याची वेळ कुणी फारशी मोजत नाही, कारण ती तालाशी बांधलेली नसते. पंचम, मग जोडीच्या दोन तारा, मग खर्ज. पहिली तार मधल्या बोटाने, बाकीच्या तीन तर्जनीने. चारांची अंतरं समान नसतात. खर्जानंतर हात थोडा जास्त थांबतो. शिवाय जवारीचा झंकार तार छेडल्याक्षणी पूर्ण उमलत नाही, तो थोडा मागून वर येतो. आधीच्या तारेचा झंकार उमलत असताना पुढची छेडली तर सुरांची वीण अखंड राहते. हे साधलं नाही तर चार सुटे ठोके ऐकू येतात, मशीनचा तंबोरा लगेच ओळखू येतो तो बहुधा यामुळेच.

पॅचमध्ये त्यासाठी चार डिले एका वर्तुळात जोडायचे. पंचमाची बँग तार वाजवते आणि पुढच्या डिलेलाही जाते. ११०० मिलिसेकंदांनी पहिला जोड, ८०० नी दुसरा, ८०० नी खर्ज, १५०० नी पुन्हा पंचम. फेरी ४२०० ची. इथे मेट्रो नाही, मोजणारा नाही, प्रत्येक तार पुढच्या तारेला उठवते. वर्तुळात एकही डिले नसता तर मशीन त्याच क्षणात फिरत राहून अडकलं असतं आणि ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ अशी तक्रार आली असती. प्रत्येक अंतरात यदृच्छेने वीसेक मिलिसेकंद मागेपुढे मिळवले की हात माणसाचा वाटू लागतो. डिलेचा विसराळूपणा इथे कामाला येतो. चुकून पंचमाची दुसरी बँग दिली, तर पंचम पुन्हा छेडला जातो, पण पहिल्या जोडाकडे निघालेली जुनी बँग रद्द होऊन मोजणी नव्याने सुरू होते. पहिला जोड वाजायच्या आत असं झालं तर फिरणारी फेरी एकच राहते. पाइप वापरली असती तर दोन फेऱ्या एकमेकींत गुंतून फिरत बसल्या असत्या.

मेसेज आणि आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही तंबोराच नीट शिकवतो. मेसेज क्षणात संपतो. तार पुढची फेरी येईपर्यंत वाजत असते. म्हणून चारही तारांना चार स्वतंत्र आवाज द्यावे लागतात. चौघींत एकच आवाज ठेवला तर जोड छेडताच पंचम तुटतो.

५०० च्या मात्रेचा त्रिताल ८००० मध्ये फिरतो आणि हा तंबोरा ४२०० मध्ये. मागेपुढे काही न मिळवता दोघं एकत्र सुरू केले तर ते पुन्हा एकत्र येतील १६८ सेकंदांनी, एकवीस आवर्तनं आणि चाळीस फेऱ्या झाल्यावर. तेवढी एक गाठही नको. म्हणून तंबोऱ्याला मुख्य मेट्रोची वायर कधी जोडू नये. सगळं एका घड्याळावर बांधण्याचा मोह होतो, कारण पॅच नीटनेटका दिसतो. पण मग तंबोरा दुसरा तबलजी होऊन बसतो.

राहिला माणूस. आतापर्यंत सगळे जण मशीनच्या लयीत होते. एकल तबलावादनात लय वादक ठरवतो आणि ती चढत जाते. पॅरिसमध्ये मॅक्स जन्मला तोच अशा गरजेतून: फिलिप मॅनुरी यांच्या ‘प्लूटोन’सारख्या रचनेत पियानोवादक वाजवणार आणि संगणकाने त्याच्यामागून यायचं. क्यूलिस्टमध्येही ‘नेक्स्ट’ हा मेसेज आहे; तो दिला की यादी एकेक पाऊल पुढे जाते आणि आपण सांगेपर्यंत थांबते. लेहऱ्यासाठी याहून साधी युक्ती पुरते. वादकाच्या पायाखाली एक पेडल ठेवायचं, समेला ते दाबायचं. ‘टायमर’ ही चौकट दोन समांमधला वेळ सांगते. उजव्या तोंडाला बँग दिली की ती झालेला वेळ बाहेर टाकते, डाव्याला दिली की नव्याने मोजू लागते, आणि हा क्रम ट्रिगरने असाच ठेवायचा. आधी विचारा, मग शून्य करा. ५६०० आलं तर १६ ने भागून मात्रा ३५० ची. एखादी सम दाबायची राहिली तर ११२०० येईल आणि लेहरा एकदम निम्म्या लयीत पडेल, म्हणून आधीच्या आकड्यापेक्षा दहाव्या हिश्श्याहून जास्त फरक आला तर तो सोडून द्यायचा. जो आकडा टिकतो तो मेट्रोकडे जातो, तिरकिटाचे वाटे पाडणाऱ्या चौकटीकडे जातो, १००० ला भागून तिहाईच्या यादीकडे जातो. तंबोऱ्याकडे त्याची वायर जात नाही.